माझ्यासोबत नीट चालवतो, मित्र बसले की काय होतं?

लेकाला १८ पूर्ण झाली, तीन महिन्यांपूर्वी लायसन्स मिळालं. मी शेजारी असले की इतकी छान चालवतो, आरसे बघतो, इंडिकेटर देतो, वळणाआधीच वेग कमी करतो. आणि परवा तीन मित्रांना घेऊन गेला तर वळणावर गाडी डिव्हायडरला घासली. कोणाला लागलं नाही पण डावा दरवाजा पुढून मागपर्यंत खरवडलाय, बघितला की पोटात गोळा येतो. विचारलं तर म्हणाला "आई, वेग जास्त आहे ते कळत होतं गं, पण पाय उचललाच नाही गेला." कळत होतं तर मग का नाही?

मानसशास्त्र शिकवते
ताई, तो खोटं बोलत नाहीये. धोका कळतो त्यांना, कळण्यात ही मुलं आपल्यापेक्षा फार मागे नसतात. पण मजा, थरार, शाबासकी याला प्रतिसाद देणारा मेंदूचा भाग या वयात जोरात असतो आणि त्याला आवर घालणारा कपाळामागचा भाग, प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, तो पंचविशीपर्यंत तयार होत राहतो. लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि मार्गो गार्डनर या मानसशास्त्रज्ञांनी २००५ साली मुलांना गाडी चालवायचा व्हिडिओ गेम खेळायला दिला होता. एकटी असताना मुलं ठीक खेळली, मित्र बघताहेत म्हटल्यावर जास्त धोका पत्करायला लागली, आणि मोठ्या माणसांत मात्र मित्र असले काय नसले काय, फारसा फरक पडला नाही. पुढे २०११ मध्ये स्कॅन करून बघितलं तर मित्र बघत असताना मुलांच्या मेंदूतला तो बक्षिसाचा भागच जास्त पेटलेला दिसला. म्हणजे मागच्या सीटवरच्याने "अरे पळव की" म्हणायचीही गरज नसते, तो नुसता बसलेला असला तरी पुरतं.

वय २७
अगदी असंच व्हायचं माझं. एकटा असलो की कधी ओव्हरटेकची घाई नाही, मित्र असले की समोरचा ट्रक म्हणजे जणू माझा अपमान. आज आठवलं तरी अंगावर काटा येतो. त्याला रागावू नका प्लीज, त्याने तुम्हाला खरं सांगितलंय, रागावलात तर पुढच्या वेळी सांगणार नाही.

ड्रायव्हिंग शिकवतो
व्याख्यानाने फार काही होत नाही, प्रसंगच टाळायचा. न्यूझीलंडने १९८७ मध्ये टप्प्याटप्प्याने लायसन्स द्यायची पद्धत आणली ती ह्याच विचाराने, सुरुवातीला रात्री एकट्याने चालवायची नाही आणि तरुण मित्र गाडीत घ्यायचे नाहीत. नंतर अमेरिकेतल्या राज्यांनीही तसंच केलं आणि नवशिक्यांचे अपघात कमी झाले. तुम्ही घरातच हा नियम लावा, निदान पहिले सहा महिने तरी. फोन डिकीत. ६० च्या वेगाने दोन सेकंद खाली बघितलं तर ३३ मीटर गाडी आंधळी जाते, हे त्याला मोकळ्या जागेत पावलं मोजून दाखवा, माझ्या पोरांना तेवढंच लक्षात राहतं. आणि झोप बघा त्याची, या वयात झोप उशिरा येते, पहाटे उठून गाडी काढली तर मेंदू अर्धा झोपेतच असतो.

(प्रश्न विचारणारी)
सगळ्यांचे खूप आभार. त्याला हे वाचायला दिलं. पूर्ण वाचलं आणि बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला मित्रांना मी स्वतःच सांगतो, तू सांगितलंस म्हणू नकोस. उद्या मैदानावर ३३ मीटर मोजायला जातोय आम्ही.