महिना २५ डॉलर देणारा 'बायबल बिल': अल्बर्टात नक्की जिंकलं काय?

पोथीनिष्ठ:
कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात मंदीच्या काळात एक अजब गोष्ट घडली. विल्यम ॲबरहार्ट हा कॅलगरीच्या एका शाळेचा मुख्याध्यापक दर रविवारी रेडिओवर बायबल शिकवायचा. लोक त्याला 'बायबल बिल' म्हणत. १९३२ च्या उन्हाळ्यात इंग्रज अभियंता मेजर डग्लस यांची 'सोशल क्रेडिट' ही कल्पना त्याच्या वाचनात आली. हिशेब असा: मालाच्या किमतीत कच्चा माल, व्याज सगळं धरलेलं असतं, पण मजुरी, पगार, नफा म्हणून लोकांच्या हाती येणारा पैसा त्याहून कमीच. म्हणून कोठारं भरलेली आणि माणसं उपाशी. मग सरकारनेच ही तूट लाभांश वाटून भरायची. ॲबरहार्टने आकडाही सांगून टाकला, प्रत्येक प्रौढाला महिना २५ डॉलर. १९३५ मध्ये ६३ पैकी ५६ जागा त्याच्या नवख्या पक्षाला मिळाल्या.

माझं म्हणणं, हा विजय प्रवचनाचा होता. लोकांनी आधी माणसावर विश्वास टाकला, गणित नंतर. रेडिओवर तो 'मंगळावरचा माणूस' आणायचा. एवढं पिकतंय तरी तुम्ही भुकेले कसे, असं तो पाहुणा भाबडेपणाने विचारायचा. याला उत्तर काय देणार?

ताळेबंद:
साफ असहमत. १९३२ च्या अखेरीस गव्हाचा भाव बुशेलला (तिकडचं धान्याचं माप) ४० सेंटच्या खाली घसरला होता, काही वर्षांपूर्वी तोच डॉलरच्या वर होता. त्यात सत्तेवरच्या शेतकरी संघटनेचे मुख्यमंत्री ब्राउनली १९३४ मध्ये बाईच्या लफड्याच्या खटल्यापायी पायउतार झाले. अशा वेळी कुणीही २५ डॉलर म्हणालं असतं तरी निवडून आलं असतं. धर्म हा नुसता भोंगा.

पोथीनिष्ठ:
कुणीही? खुद्द डग्लस १९३४ मध्ये अल्बर्टात येऊन विधिमंडळाच्या समितीपुढे बोलून गेले. गणित तेच, भूकही तीच. त्यांच्यामागे कोण गेलं? ॲबरहार्टकडे मात्र बायबलचे तयार अभ्यासगट होते. पुढे मुख्यमंत्री झालेला अर्नेस्ट मॅनिंग हा शेतावर रेडिओ ऐकून त्याच्या संस्थेत शिकायला आलेला पोरगा. भोंग्यातून पक्ष नाही उभा राहत.

जुन्यानोटा:
मी नोटा जमवतो, म्हणून थोडं अवांतर. १९३६ मध्ये या सरकारने 'समृद्धी प्रमाणपत्र' काढलं. एक डॉलरचा कागद, मागे चौकटीच चौकटी. दर आठवड्याला त्यात एक सेंटचं तिकीट चिकटवायचं, तरच तो चालणार. म्हणजे घरात दाबून ठेवला तर वर्षाला ५२ सेंटचा फटका. पैसा फिरता राहावा म्हणून हा खटाटोप! व्यापारी वैतागले, वर्षभरात गाशा गुंडाळला. गंमत म्हणजे ही युक्ती डग्लस यांची नव्हेच, सिल्व्हिओ गेझेल या जर्मनाची.

ताळेबंद:
घ्या! म्हणजे पोथीसुद्धा धड पाळली नाही. आणि श्रद्धेचं कौतुक करताना पुढचंही सांगा. आमदार परत बोलावण्याचा कायदा यांनीच केला, आणि ॲबरहार्टच्याच मतदारसंघात सह्या गोळा झाल्यावर यांनीच तो १९३७ मध्ये मागे घेतला, तोही पूर्वलक्षी प्रभावाने. वर्तमानपत्रांनी सरकारचा खुलासा छापलाच पाहिजे, असं विधेयक आणलं. १९३८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते उडवलं. डग्लस यांच्या लिखाणात तर ज्यूंच्या कटाची गरळ होती. ती मानणाऱ्यांना मॅनिंगने पक्षातून काढलं, पण ४७-४८ उजाडल्यावर.

पोथीनिष्ठ:
हे सगळं मान्य. पण यातून माझाच मुद्दा सिद्ध होतो. स्वतःला देवाचा माणूस समजणाऱ्याला टीका म्हणजे पाप वाटते.

एडमंटनकर:
इथे अल्बर्टातच राहते म्हणून लिहिते. बँका केंद्राच्या अखत्यारीत, त्यामुळे प्रांताचे पैशाबाबतचे कायदे टिकेनात. तेव्हा १९३८ मध्ये सरकारने स्वतःच्या 'ट्रेझरी ब्रांच', म्हणजे बँकेसारख्या पेढ्या, काढल्या. माझा पगार आजही तिथेच जमा होतो, मालकी अजून प्रांताचीच. म्हणून सगळंच खूळ होतं असं म्हणवत नाही.

आणि ताळेबंद, तुमच्यासाठी: तो लाभांश शेवटी मिळाला बरं का! १९४७ मध्ये अल्बर्टातल्याच लेडुकला तेल लागलं, आणि १९५७ मध्ये मॅनिंगने त्या पैशातून माणशी २० डॉलर वाटले. महिन्याला नव्हे, वर्षाला.