लहानपणी पाहिलेला युद्धपट : आपापले अनुभव लिहा

‘बॉर्डर’ हा सिनेमा १९९७ चा, १९७१ च्या भारत-पाक युद्धातल्या राजस्थान सीमेवरच्या लोंगेवाला चौकीच्या लढाईवरचा. आमच्या गावात (दारव्हा तालुका) तो पोचला पुढच्या गणपतीत, मंडळानं भाड्यानं आणलेल्या व्हीसीआरवर. रणगाडे उडाले की मोठी माणसं शिट्ट्या मारत. माझा जीव मात्र त्यातल्या मथुरादास या जवानात अडकलेला. घरी बायको आजारी, सुट्टी मंजूर, तरी तो लढायला परत येतो. ‘थो घरी काहून नाही गेला?’ हे मी मायला कितीतरी दिवस विचारत होतो. लहान वयात तुम्हाला लढाई कशी दिसली, ते लिहा. सिनेमा कोणताही चालेल.

दर्यापूर तालुका
आजीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पडद्यावर काय चाललंय ते मी तिच्या कानात सांगायची. ‘बॉर्डर’मधल्या धरमवीर या जवानाची आई आंधळी आहे म्हटल्यावर ती सरसावून बसली. शेवटी तो मेला. आजीनं विचारलं, ‘त्या आंधयीचं पोरगं आलं का व घरी?’ ‘आलं,’ म्हटलं. असं सांगायला मला कोणी शिकवलं नव्हतं.

अकोट
तुराट्यांच्या बंदुका करून आम्ही लढाई खेळायचो. शत्रू व्हायला कोणी तयार नसे. धाकट्याला बोरं कबूल करून शत्रू करायचो. मेला की तो लगेच उठून बोरं मागायचा.

पुलगावजवळून
३१ मे २०१६, मध्यरात्रीनंतर दारूगोळा भांडारात आग लागली. असे धमाके की घर हादरलं. पोरांना घेऊन आम्ही ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून गाव सोडलं. मुलगा पहिलीतला, ‘बॉर्डर’ त्यानं टीव्हीवर पाहिलेला. हवाई दलाच्या हंटर विमानांना रात्री लढता येत नव्हतं, म्हणून लोंगेवालाच्या जवानांनी उजाडेपर्यंत चौकी धरून ठेवली, एवढं त्याला पक्कं ठाऊक. माझी बंडी घट्ट धरून तो एकच विचारत होता, ‘बाबा, उजाडाले किती वेळ हाय?’ त्या आगीत भांडाराचे अधिकारी गेले, आग विझवणारे जवान गेले. मुलांना युद्धपट दाखवूच नये असं मी म्हणत नाही. पण दाखवताना मोठ्या माणसानं शेजारी बसावं, हे माझं ठाम मत आहे.

चिमूर तालुका
‘बॉर्डर’मध्ये सुरुंग घेऊन भैरोसिंग रणगाड्यावर धावून जातो आणि मरतो, त्या रात्री आम्ही बहीणभाऊ जेवलो नाही. मोठेपणी वाचनात आलं, सीमा सुरक्षा दलाचे खरे भैरोसिंग राठोड १९७१ ची ती लढाई लढून सुखरूप परतले होते. सेना पदक मिळालं होतं, राजस्थानात आपल्या गावी राहत होते. मी तडक भावाला फोन केला. तो कपाशीवर फवारत होता. ‘भैरोसिंग जिता हाय!’ म्हटलं, तर त्यानं पाठीवरचा पंपच खाली ठेवला. ‘खरं सांगतं का व ताई?’ १९ डिसेंबर २०२२ ला जोधपूरला ते वारले, ८१ वर्षांचे होऊन. माझ्या पोरांना सिनेमा दाखवला तेव्हा ही गोष्ट मी त्यांना आधी सांगितली, मगच टीव्ही लावला.