मदत हवी आहे: लाँग मेलफर्डची जुनी घराणी

इंग्लंडच्या सफक परगण्यातल्या लाँग मेलफर्ड गावच्या होली ट्रिनिटी चर्चवर टिपण लिहितेय. पंधराव्या शतकात कापडधंद्याच्या पैशावर उभी राहिलेली ही वास्तू. बाहेर गारगोटीच्या भिंतीत दगडी अक्षरं बसवून देणगीदारांची नावं दिलीत, 'यांच्या आत्म्यासाठी प्रार्थना करा' म्हणून. (आपल्याकडच्या देवळांच्या पायऱ्या आठवल्याच!) केंटवेल हॉलच्या क्लॉप्टन जमीनदारांवर बरंच मिळतं, कापडव्यापारी मार्टिन घराण्यावर त्यामानाने कमी. पॅरिशच्या (म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या) बाप्तिस्मा-लग्न-दफनाच्या वह्या, त्या ठेवायला लावणाऱ्या 1538 च्या हुकुमानंतरच्या, म्हणजे त्याआधीसाठी मृत्युपत्रं आणि मॅनर कोर्टाची (जमीनदाराच्या स्थानिक न्यायसभेची) दप्तरंच. दप्तरं लॅटिनमध्ये, तीही शब्द तोडून, संक्षेपात लिहिलेली. कुणी वाचलीत का? सुरुवात मृत्युपत्रांपासून करू की दप्तरांपासून? लिपी शिकायला सोपं काही असेल तर प्लीज सुचवा.