कथा लिहायला तुम्ही कुठे शिकलात?

माझी पहिली कथा चौदा पानांची होती. नायक उठतो, दात घासतो, चहा पितो, आईशी दोन शब्द बोलतो आणि पाचव्या पानावर एकदाचा घराबाहेर पडतो. सदाशिव पेठेत राहणाऱ्या आमच्या शाळेतल्या बाईंना ती वाचायला दिली. दोन दिवसांनी त्यांनी वही परत केली आणि जिन्यात उभ्या उभ्याच विचारलं, "हा दात किती वेळ घासणार आहे?" चहासुद्धा विचारला नाही. घरी येऊन मी पहिली चार पानं फाडली. कथेचं काहीही बिघडलं नाही.

तर या वेळचा विषय हा. कथा लिहिणाऱ्यांनी, लिहून पाहिलेल्यांनी आणि नाद सोडलेल्यांनीही सांगा, कुठली गोष्ट शिकलात आणि कुणामुळे. उपदेश नकोत, ते आपल्याकडे मुबलक आहेत. प्रसंग सांगा.

एरंडवणे, निवृत्त कारकून

आमच्या वेळी कथेचं तंत्र ना. सी. फडक्यांचं नाव घेऊन शिकवत. पकड घेणारी सुरुवात, गुंतागुंत, शेवटी कलाटणी. गाडगीळ, गोखले, भावे, माडगूळकर या नवकथाकारांनी ते कधीच मोडीत काढलं होतं, पण आमच्या वर्गापर्यंत ती बातमी पोचली नव्हती. मी वर्षानुवर्षं कलाटण्या लिहिल्या. मेलेला माणूस शेवटी जिवंत निघायचा, जिवंत असलेला मेलेला. कागदाच्या एकाच बाजूला, समास सोडून, सोबत तिकीट लावलेलं पाकीट. पाकिटावर पत्ता माझ्याच अक्षरात, त्यामुळे पोस्टमन लांबूनच सांगायचा, "तुमचंच आलंय." 'सत्यकथे'ला पाठवायचा धीर गोळा करत होतो, तोवर १९८२ साली ते मासिक बंदच पडलं.

एकदा एका अंकाच्या 'साभार परत'च्या छापील चिठ्ठीवर कुणीतरी पेन्सिलीने लिहिलं होतं : शेवट आधीच कळला, मधलं मामांचं घर मात्र छान. मी त्या चार ओळींच्या घरावर पुष्कळ विचार केला. कलाटणीसाठी मी कथाभर वाचकापासून काहीतरी लपवत असायचो. मामांच्या घरात लपवण्यासारखं काही नव्हतं, म्हणून तेवढं नीट बघून लिहिलं गेलं. त्यानंतर दोन कथा छापून आल्या. दोनच. पण त्यांना शेवट असा नाही, त्या थांबतात.

मूळ लातूरकडचा, नोकरी हिंजवडीत

मी बसमध्ये फोनवर लिहितो. वाकडच्या पुलाखाली गाडी अडकली की एक परिच्छेद होतो. पहिली कथा गावाकडची होती. फोनवर आईला वाचून दाखवली. ती म्हणाली, "हे कोण बोलायलंय? आपल्यात असं कोण बोलतंय का?" खरंच, माझा शेतकरी "मला त्याविषयी काहीच कल्पना नाही" असं म्हणत होता. पुण्यात दहा वर्षं राहून माझी माणसं कर्वे रस्त्यावर जन्मल्यासारखी बोलायला लागली होती.

मग दुसरं टोक गाठलं. प्रत्येक शब्द बोलीत, अगदी निवेदनसुद्धा. रूममेट कोकणातला, त्याला निम्मं कळेना. शंकर पाटील आणि मिरासदारांच्या कथाकथनाची जुनी ध्वनिमुद्रणं ऐकायला लागलो तेव्हा उजेड पडला. बोली शब्दांत असते त्याहून जास्त वाक्याच्या चालीत असते. कुठे थांबायचं, कुठला शब्द शेवटी टाकायचा. आता क्रियापदं तेवढी गावची ठेवतो, "काय करायलास" वगैरे, आणि अवघड शब्द कमी करतो. प्रत्येक संवाद मोठ्याने म्हणून बघतो. बसमध्ये शेजारचे जरा सरकून बसतात, तो फायदा वेगळा.

एका दिवाळी अंकात कथा आली तेव्हा मुद्रितशोधनात सगळे "करायलास" "करतो आहेस" होऊन आले होते. आईला अंक दाखवलाच नाही.

कोथरूड, एकांकिकावाली

पुरुषोत्तम करंडक या कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेच्या तालमींत माझं कॉलेज संपलं. भरत नाट्य मंदिरात एकदा प्रेक्षक चुकीच्या जागी हसले, की तो धडा आयुष्यभर पुरतो. पण कथेत याचा उलटा त्रास झाला. माझ्या कथांत लोक नुसते बोलत. खोलीला भिंती नसत, हवा नसे, कारण ते काम नेपथ्यवाल्यांचं आणि प्रकाशयोजनेचं! अजून शिकतेय.

कर्वेनगर, नाव नको

मी जे शिकले ते महागात पडलं. सोसायटीतल्या एका काकूंवर कथा लिहिली. नाव बदललं, गाव बदललं, नवऱ्याचा धंदा बदलला. त्यांची लकब तेवढी तशीच ठेवली, भाजीवाल्याकडून कोथिंबीर घेताना तिचा वास घेऊन परत ठेवायची. मला वाटलं, एवढ्याने कोण ओळखणार? एवढ्यानेच ओळखलं. तीन महिने लिफ्टमध्ये माझ्याकडे पाठ. आता एका पात्रात निदान दोन माणसं मिसळते. गंमत म्हणजे पात्रंही त्याने बरी होतात, कारण दोन स्वभाव एका अंगात मावत नाहीत आणि आपल्याला काहीतरी शोधावं लागतं. काकू आता बोलतात. कोथिंबिरीचा वास मात्र घेत नाहीत, याचं वाईट वाटतं.

नारायण पेठ

१२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा मी नऊ वर्षांची होते. यावर लिहायचं हे कायम मनात होतं, पण मुहूर्त लागला साठी उलटल्यावर. पुणे मराठी ग्रंथालय घरापासून जवळ. तिथे बसून टिपणं काढली. धरण मातीचं, काम अजून पुरं व्हायचं होतं, पानशेतपाठोपाठ खडकवासलाही फुटलं, पाणी कुठल्या पेठेत कुठवर चढलं, मग पूरग्रस्तांना लोकमान्यनगर, गोखलेनगरकडे घरं कशी मिळाली. जमवलेलं सगळं कथेत घातलं. एवढ्या कष्टाचं सोडवतं का?

सुनेला वाचायला दिलं. ती म्हणाली, "आई, माहिती छान आहे. पण ही गोष्ट कुणाची?" मला राग आला. दोन दिवस मी तिच्याशी कामापुरतं बोलले. तिसऱ्या दिवशी भाजी निवडताना तिनेच सहज विचारलं, पाणी ओसरल्यावर तुम्ही घरात शिरलात तेव्हा आधी काय दिसलं?

मी म्हटलं, बरणी.

स्वयंपाकघरात माझ्या गुडघ्याइतका चिखल होता आणि त्यात एक चिनी मातीची बरणी उभी होती. झाकण नव्हतं, पण साधा टवकाही उडालेला नव्हता. आणि ती आमची नव्हती. कुणाच्या घरातून वाहत आली कोण जाणे. आमची भांडी, कपडे, वडिलांची सगळी कागदपत्रं गेली होती, आणि आई ती दुसऱ्याची बरणी धूत बसली होती. आम्हाला हात लावू देईना. म्हणायची, "न्यायला येतील कुणीतरी."

हे मी पन्नास वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं, कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे असं वाटलंच नव्हतं. नवी कथा अकरा पानांची झाली, त्यात धरणाचं नाव एकदाच येतं. टिपणं वाया गेली असं मात्र म्हणणार नाही. चिखल, वास, काढलेली माणसं, यावर लिहिताना हात कुठे अडखळला नाही. सुनेने वाचली आणि काही न बोलता चहा टाकला. आमच्या घरात ही मोठीच पावती.

हिंजवडीवाला पुन्हा

काकू, मग बरणी न्यायला कुणी आलं का?

नारायण पेठ

कथेत येतं. एक म्हातारी लोकमान्यनगराहून चालत येते आणि झाकण कुठे गेलं म्हणून आईशी कडाकडा भांडते. खरी बरणी अजून माझ्याकडेच आहे. जाडं मीठ ठेवते त्यात.