अनुभव धागा : दिल्लीत सलग एक आठवडा, आखणी कशी केलीत?

आपल्याकडचे बहुतेक लोक दिल्लीला कुठेतरी जाता-जाता उतरतात. मनालीला निघालेले, हरिद्वारला निघालेले, आग्र्याची घाई असलेले. मग एका दिवसात बसने लाल किल्ला, कुतुबमिनार, लोटस टेंपल, इंडिया गेटसमोर ग्रुप फोटो, की झाली दिल्ली. इथे ते नको आहे. ज्यांनी आठवडाभर फक्त दिल्लीच बघायची ठरवून आखणी केली, त्यांनी लिहा : कोणत्या वारी काय ठेवलं, काय सरळ वगळलं, ज्येष्ठ माणसं किंवा मुलं बरोबर असताना काय निभावलं. हॉटेलांची भाडी लिहू नका, पुढच्या मोसमात ती कुणाच्या उपयोगाची नसतात.

सुरुवात मी करते. आमच्या घरी आधी ठिकाणांची यादी झाली नाही, वारांची झाली. कागदावर सात वार लिहिले आणि सोमवारभोवती लाल गोल काढला. लाल किल्ला, अक्षरधाम, लोटस टेंपल, राष्ट्रीय संग्रहालय, गांधी स्मृती, रेल्वे संग्रहालय ही सगळी मंडळी सोमवारी बंद. उघडं काय, तर कुतुबमिनार, हुमायूनचा मकबरा, सफदरजंग, पुराना किल्ला, लोधी गार्डन. म्हणजे सोमवार दगडांचा आणि झाडांचा, हे आपोआप ठरलं. चांदणी चौकातली बहुतेक दुकानं रविवारी बंद असतात, त्यामुळे ज्याला खरेदी करायची आहे त्याने तिथे रविवारी जाऊ नये. ज्याला जुन्या हवेल्यांचे दरवाजे निवांत बघायचे आहेत, त्याने मात्र रविवारी सकाळीच जावं. सरोजिनी नगर आणि लाजपत नगरचे बाजार सोमवारी बंद. ताजमहाल शुक्रवारी बंद. निजामुद्दीन दर्ग्यातली कव्वाली गुरुवारी संध्याकाळी. एवढं मांडलं की अर्धा आठवडा भरलेला असतो, भांडायला फार जागा उरत नाही.

पायपीट

वार बरोबर, पण मी त्यात मेट्रोचा नकाशा घालीन. यलो लाईनवर बोट ठेवून वरून खाली या : चांदणी चौक, चावडी बाजार, राजीव चौक म्हणजे कॅनॉट प्लेस, सेंट्रल सेक्रेटरिएटला कर्तव्यपथ, जोर बागला सफदरजंगचा मकबरा आणि लोधी गार्डन, आयएनएला दिल्ली हाट, मग हौज खास आणि शेवटी कुतुबमिनार. व्हायलेट लाईनवर लाल किला, जामा मशीद, दिल्ली गेट, आयटीओ, जनपथ, खान मार्केट आणि पुढे कालकाजी मंदिर, जिथून लोटस टेंपल जवळ आहे. दोन ओळींत निम्म्याहून जास्त दिल्ली येते. आम्ही राहायची जागा याच हिशोबाने शोधली. खोली थोडी लहान मिळाली, पण रोज संध्याकाळी टॅक्सीत तासभर बसून राहावं लागलं नाही.

दोन बारकावे. कुतुबमिनार नावाचं स्टेशन मिनाराच्या पायथ्याशी नाही, तिथून पुढे रिक्षा लागते. आणि संध्याकाळी सहा-साडेसहाला राजीव चौकात गाडी बदलायची वेळ शक्यतो आणू नका. यलो आणि ब्लू लाईनची गर्दी तिथे एकमेकींवर आदळते. गाडीचा पहिला डबा बायकांसाठी राखीव असतो, माझी बहीण आणि भाची तिकडेच बसायच्या. पण कुटुंब असं विभागलं की उतरायचं स्टेशन आधी ठरवून ठेवायचं.

विमानाने येणाऱ्यांसाठी : टर्मिनल ३ पासून नवी दिल्ली स्टेशनपर्यंत एअरपोर्ट एक्स्प्रेस लाईन आहे, वीस-पंचवीस मिनिटांत पोचवते.

सूनबाई

माझे सासू-सासरे सत्तरी ओलांडलेले, म्हणून आमचा हिशोब पायऱ्यांचा होता. लाल किल्ल्यात लाहोरी दरवाज्यापासून आतल्या महालांपर्यंत चांगलंच चालावं लागतं, तेही उन्हात. सकाळी दार उघडताच गेलो, अकरापर्यंत बाहेर. हुमायूनच्या मकबऱ्याच्या चौथऱ्यावर जायच्या पायऱ्या उंच आणि उभ्या आहेत. सासूबाई वर आल्या नाहीत, त्या इसा खानच्या मकबऱ्याच्या बागेत बसल्या. हा मकबरा आवारात शिरल्यावर लगेच उजव्या हाताला आहे, १५४७ चा, म्हणजे हुमायूनच्या मकबऱ्याहून जुना, अष्टकोनी. आम्ही परत आलो तर त्या म्हणाल्या, "मला हाच जास्त आवडला, तुमचा तो मोठा तुम्हीच बघा." खरं सांगायचं तर मलाही. शेजारच्या सुंदर नर्सरीत बाकं आहेत, सावली आहे, स्वच्छतागृहं आहेत. वयस्कर माणसांबरोबर फिरताना या तीन गोष्टींचा मकबऱ्यांपेक्षा आधी विचार करावा लागतो.

अक्षरधामला मोबाईल, कॅमेरा, बॅग सगळं बाहेर जमा करावं लागतं. आत शिरल्यावर कुणी हरवलं तर फोन करायची सोय नाही. भेटायची जागा आणि वेळ आधीच ठरवा, आणि सामान कोणाच्या नावाने ठेवलंय ते सगळ्यांना सांगून ठेवा. आम्ही दुपारी उशिरा शिरलो, संध्याकाळचा पाण्याचा खेळ बघून निघालो. त्या दिवशी दुसरं काही ठेवलं नव्हतं.

दुपारी दोन ते चार खोलीवर. याच्यावर घरात कुरकूर झाली, पण वेळापत्रकात तो नियमच होता.

दिवाण-ए-आम

सूनबाईंनी लाल किल्ला अकराला संपवला हे वाचून जीव कासावीस झाला. :) मराठी माणसाने तिथे अर्धा दिवस द्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. संगमरवर बघायला नव्हे. दिवाण-ए-खाससमोर उभं राहायला. १७३९ मध्ये नादिरशहाने मयूरासन इथूनच नेलं. १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली तेव्हा फौजेचा खर्च भागेना, म्हणून याच दालनाचं चांदीचं छत उतरवून वितळवलं. पानिपत त्याच्या पुढच्या जानेवारीत. १७८८ मध्ये गुलाम कादिरने शाहआलम बादशहाचे डोळे इथेच काढले आणि महादजी शिंद्यांनी त्या आंधळ्या बादशहाला पुन्हा तख्तावर बसवलं. १८५८ मध्ये बहादूरशहा जफरवर इंग्रजांनी खटला चालवला तोही इथेच. एवढं सगळं एका उघड्या दालनात घडलेलं आहे, आणि लोक दोन मिनिटांत सेल्फी काढून पुढे जातात.

माझा आख्खा आठवडाच या धाग्यावर ओवलेला होता. १७३७ मध्ये बाजीराव पेशवे दिल्लीवर चालून गेले, तेव्हाच्या हकिकतीत कालकाजी आणि तालकटोरा ही नावं येतात. आज एक मेट्रो स्टेशन, दुसरं स्टेडियम. बघण्यासारखं पेशवेकालीन तिथे काही नाही, हे आधीच सांगतो, पण कालकाजीच्या देवळात जाऊन यायला कुणी अडवलेलं नाही. १८०३ मध्ये पटपडगंजच्या लढाईत जनरल लेकने शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला आणि दिल्ली मराठ्यांच्या हातून गेली. पटपडगंज म्हणजे आता यमुनेपलीकडच्या सोसायट्या.

आणि एक दिवस पानिपत. दिल्लीपासून साधारण नव्वद किलोमीटर, सकाळच्या गाडीने जाऊन संध्याकाळी परत येता येतं. काला आंबचं स्मारक शहराबाहेर आहे, स्टेशनवरून रिक्षा ठरवावी लागते. शेतं, एक बाग, एक स्तंभ. मी तिथे तासभर काही न बोलता बसलो होतो. बायको मात्र म्हणाली की यापेक्षा ताजमहाल बरा होता.

ताजवाला

वहिनींना माझा पाठिंबा! हजरत निजामुद्दीनहून गतिमान एक्स्प्रेस सकाळी सुटते, पावणेदोन तासांच्या आत आग्रा. शुक्रवारी गाडी नाही आणि ताजही बंद. संध्याकाळी त्याच गाडीने परत.

कार्टी सोबत

आमची दोन, एक आठ वर्षांचं आणि एक बारा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी धाकटीने विचारलं, "बाबा, उद्यापण कुणाची तरी कबरच का?" प्रश्न रास्त होता. तिथून पुढे नियम केला, एक जुनी वास्तू झाली की एक त्यांची जागा. चाणक्यपुरीतलं रेल्वे संग्रहालय त्यांना सगळ्यांत आवडलं, तिथली पतियाळा संस्थानची मोनोरेल खास. गाडीचा एक बाजूचा भार एकाच रुळावर, तोल सांभाळायला दुसऱ्या बाजूचं मोठं चाक रस्त्यावर! शंकर्स डॉल्स म्युझियम थोडं जुनाट आहे, पण देशोदेशीच्या बाहुल्यांसमोर मोठी लेक रेंगाळली. जंतरमंतरला नुसतं नेऊ नका, आधी घरी सावलीच्या घड्याळाचं एखादं चित्र दाखवा, नाहीतर मुलांना ती लाल रंगाची घसरगुंडी वाटते. तिथून चालत अग्रसेन की बावली गाठता येते.

कुतुबमिनारला मुलं विचारतीलच, वर जाता येतं का? नाही. १९८१ च्या चेंगराचेंगरीनंतर जिना बंद आहे. लोहस्तंभालाही कठडा आहे, हात लावता येत नाही.

तक्ताविरोधी

वरचे सगळे प्रतिसाद वाचून दमलो. माझ्या आठवड्यात रोज एकच गोष्ट नक्की असायची, बाकी मोकळं. मेहरौलीला कुतुबमिनार बघून लोक बसमध्ये चढतात. मागेच मेहरौली पुरातत्त्व उद्यान आहे : बल्बनची कबर, जमाली-कमाली, राजों की बावली. मी सकाळी गेलो तो दुपारीच बाहेर पडलो, आणि त्या दिवशीचं 'पुढचं ठिकाण' नव्हतंच, म्हणून हे जमलं. रविवारी दिल्ली गेटसमोर महिला हाटमध्ये जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो, पूर्वी दर्यागंजच्या फुटपाथवर भरायचा तोच. तिथे किती वेळ जाईल हे कोणता तक्ता सांगणार?

गुरुवारी निजामुद्दीनला संध्याकाळच्या बरंच आधी पोचा. आधी गालिबची कबर, मग गल्लीतून आत दर्गा. अमीर खुसरोची कबर त्याच आवारात. डोकं झाकायला रुमाल जवळ ठेवा, चपला काढाव्या लागतात, दोन्ही बाजूंनी फुलंवाले ओढतात. कव्वाली चालू असताना मध्येच उठून फोटो काढणाऱ्यांमध्ये आपण नको.

हवामान खातं

महिन्याचं कुणीच बोललं नाही. डिसेंबर अखेर-जानेवारीत धुक्याने गाड्या आणि विमानं तासन् तास लटकतात, म्हणून परतीच्या दिवशी पुढचं काही जोडून ठेवू नका. जानेवारीच्या उत्तरार्धात प्रजासत्ताक दिनाच्या तालमींसाठी कर्तव्यपथाच्या आसपासचे रस्ते बंद होतात. पंधरा ऑगस्टच्या आधी काही दिवस लाल किल्ला पर्यटकांना बंद असतो. दिवाळीच्या सुट्टीत जायचा मोह आपल्याकडे फार, पण नोव्हेंबरची हवा दम्याच्या माणसाला झेपणारी नाही. मे-जून तर नावच काढू नका. फेब्रुवारी-मार्च उत्तम, तेव्हा राष्ट्रपती भवनाचं अमृत उद्यानही खुलं असतं, ऑनलाईन नोंदणी करून जाता येतं.

खादाड

खाण्याचा वेगळा धागा काढा, इथे मावणार नाही. तूर्तास : आंध्र भवनची थाळी, बंगला साहिब गुरुद्वाऱ्याचं लंगर, थंडी असेल तर जुन्या दिल्लीत दौलत की चाट (नाव चाट, पण असतो दुधाच्या फेसाचा गोड पदार्थ).

स्टेशनवाला

एक इशारा. नवी दिल्ली स्टेशनच्या बाहेर "तुमची गाडी रद्द झाली, चला पर्यटन कार्यालयात" म्हणणारे भेटतात. कार्यालय खोटं, गाडी वेळेवर. आम्हालाही एकाने धरलं होतं, वडिलांनी सरळ फोनवर गाडीची स्थिती उघडून त्याच्यासमोर धरली. आणि तिकिटावर कोणतं स्टेशन आहे ते नीट वाचा : नवी दिल्ली, जुनी दिल्ली, हजरत निजामुद्दीन, आनंद विहार ही चारही वेगवेगळी आहेत. नवी दिल्लीलासुद्धा पहाडगंजची बाजू वेगळी, अजमेरी गेटची वेगळी. मेट्रो अजमेरी गेटकडे.

पहिलीच वेळ

धागा वाचून वही भरली. ताई, आम्ही शुक्रवारी सकाळी राजधानीने निजामुद्दीनला उतरतोय, पुढच्या शुक्रवारी परत. आई बहात्तरची, मुलगा दहाचा. फेब्रुवारीचा शेवट. कसं लावू?

धागाकर्ती

शुक्रवारी खोलीवर सामान टाकून आराम, चारनंतर हुमायूनचा मकबरा आणि सुंदर नर्सरी, स्टेशनपासून लांब नाही. शनिवारी सकाळी लाल किल्ला (दिवाण-ए-आम रागावतील म्हणून पूर्ण सकाळ), मग आईंना सायकलरिक्षात बसवून चांदणी चौक. दिवसा त्या रस्त्यावर मोटारी बंद असतात, त्यामुळे रिक्षाची फेरी सुखाची होते. रविवारी राष्ट्रीय संग्रहालय, तिथे हडप्पा दालनातली नर्तकी मुलाला आधी चित्रात दाखवून ठेवा, प्रत्यक्षात ती तळहाताएवढीच आहे. दुपारनंतर गांधी स्मृती. सोमवारी कुतुबमिनार आणि संध्याकाळी दिल्ली हाट. मंगळवारी आग्रा. बुधवारी सकाळी रेल्वे संग्रहालय, दुपारी झोप, मग अक्षरधाम. गुरुवार संध्याकाळपर्यंत मोकळा, आईंना गर्दी सोसत असेल तर निजामुद्दीन, नाहीतर बंगला साहिबच्या तलावाकाठी बसा. अमृत उद्यानाची नोंदणी मिळाली तर ती गुरुवारी सकाळी घाला.

दिवाण-ए-आम

मंगळवारी पानिपत.

पहिलीच वेळ

मुलाला विचारलं. आग्रा म्हणतोय. पानिपत पुढच्या वेळी, काका.