एक्स्पोर्ट करूनही जावा होम रिकामाच का येतो

दादा, तुम्ही म्हणताय लिनक्सवरच्या इन्स्टॉल स्क्रिप्टमध्ये एक्स्पोर्ट (व्हेरिएबल पुढच्या प्रोग्रामना देणारी कमांड) लिहिलंय, पण स्क्रिप्ट संपल्यावर टर्मिनलमध्ये जावा होम, म्हणजे जावा कुठे बसवलंय ते सांगणारं व्हेरिएबल, रिकामाच. ती कितीदा चालवली तरी तेच होणार. स्क्रिप्ट वेगळ्या शेलमध्ये (कमांड चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये) चालते. तिथलं व्हेरिएबल तिने सुरू केलेल्या प्रोसेसना मिळतं, तिला सुरू करणाऱ्या शेलला नाही. लेकाला बापाचं मिळतं, उलटं होत नाही, एवढंच.

या चर्चेत वर कुणीतरी बॅशआरसीत, म्हणजे एकेका युजरच्या शेल सेटिंगच्या फाइलमध्ये, एक्स्पोर्टची ओळ टाकायला सांगितलंय. घरच्या लॅपटॉपला ते चालेल. पण तुमचं बिलिंग सॉफ्टवेअर सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यात बसवायचंय. तिथं दिवसपाळी, रातपाळी, अकाउंटवाले, सगळ्यांचे लॉगिन वेगळे. शिवाय स्क्रिप्ट सुडोने (अॅडमिनच्या हक्काने) चालवली की ती ओळ बऱ्याचदा रूटच्या, म्हणजे मुख्य अॅडमिनच्या, बॅशआरसीत जाऊन बसते आणि ऑपरेटर ओरडत राहतो. त्यापेक्षा /इटीसी/प्रोफाइल.डी/ मध्ये .एसएच शेवट असलेली स्वतंत्र फाइल ठेवा, ती लॉगिन करताना सगळ्यांसाठी वाचली जाते. ती दरवेळी नव्याने लिहा. >> ने (जुन्या फाइलच्या शेवटी) जोडत गेलात तर प्रत्येक अपडेटला पाथची, म्हणजे कमांड शोधायच्या फोल्डरांच्या यादीची, शेपटी वाढते. मग लॉगआउट, लॉगिन.

आणि हो, बिलिंगचा सर्व्हर सिस्टमडी (लिनक्समध्ये मागे चालणारे प्रोग्राम सांभाळणारी यंत्रणा) सर्व्हिस म्हणून चालत असेल तर तो यातलं काहीच वाचत नाही. सर्व्हिस फाइलमध्ये एन्व्हायर्नमेंटफाइल= देऊन वेगळी फाइल दाखवा. तिच्यात नुसतं नाव=किंमत लिहायचं, पुढे एक्स्पोर्ट लावायचं नाही. मग डेमन-रीलोड करून (सिस्टमडीला बदललेली फाइल परत वाचायला लावून) सर्व्हिस रीस्टार्ट.