शैक्षणिक कर्जाची रक्कम नेमकी कोण ठरवते? (चर्चा)

अभ्यासिका (धागाकर्ता)

शैक्षणिक कर्जाविषयी बोलताना आपण असे गृहीत धरतो की विद्यार्थी अभ्यासक्रमाचा खर्च, व्याजदर आणि पुढे मिळू शकणारा पगार यांचा हिशेब मांडतो आणि त्यावरून किती कर्ज काढायचे ते ठरवतो. प्रत्यक्षात बहुतेकांच्या बाबतीत असा हिशेब होतच नाही. प्रवेश मिळाल्याचा आनंद, शुल्क भरण्याची अखेरची तारीख आणि कागदावर आधीच छापून आलेला आकडा या तिघांच्या रेट्यात सही होऊन जाते, आणि जास्तीत जास्त जेवढे कर्ज मिळू शकते तेवढ्याचीच आपल्याला गरज आहे, अशी विद्यार्थ्याची नकळत समजूत होते.

हा केवळ माझा ग्रह नाही. अमेरिकेतील ब्रुकिंग्ज या अभ्याससंस्थेने २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या विश्लेषणात असे दिसले की केंद्र सरकारचे कर्ज घेतलेल्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांपैकी २८ टक्क्यांनी आपल्यावर केंद्र सरकारचे कर्ज नाही असे सांगितले, तर १४ टक्क्यांना आपल्यावर कोणतेच शैक्षणिक कर्ज नाही असे वाटत होते. ज्याला कर्ज आहे हेच ठाऊक नाही, त्याने ते विचारपूर्वक घेतले असे कसे म्हणायचे?

व्याजाचे गणितही डोळ्यांआड राहते. समजा, चार वर्षांच्या अभ्यासक्रमात दरवर्षी सुरुवातीला १०० या प्रमाणात कर्ज उचलले आणि व्याज १० टक्के सरळव्याजाने लागले. उचललेले मुद्दल ४००, पण शिक्षण संपते त्या दिवशी देणे ५०० झालेले असते. ते पुढे त्याच दराने १० वर्षांच्या मासिक हप्त्यांत फेडायचे म्हटले, तर एकूण सुमारे ७९३ भरावे लागतात. सही करताना विद्यार्थ्याच्या समोर असतो तो फक्त पहिल्या वर्षाचा १००.

म्हणून माझा प्रस्ताव असा : अर्जात रक्कम आधी छापलेली नसावी. ती विद्यार्थ्याने स्वतः लिहावी, त्याखाली पुढच्या मासिक हप्त्याचा अंदाज असावा, आणि दरवर्षी नवे कर्ज घेताना आधीच्या सर्व वर्षांची बेरीज त्याच कागदावर दिसावी.

वाटसरू

मी या प्रस्तावाशी सहमत नाही. रकमेचा रकाना कोरा ठेवला म्हणजे निर्णय विद्यार्थ्याच्या हाती गेला, ही समजूतच मुळात तपासून पाहिली पाहिजे.

बेंजामिन मार्क्स आणि लेस्ली टर्नर या अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतील एका मोठ्या सामुदायिक महाविद्यालयात (म्हणजे कमी शुल्कात दोन वर्षांचे अभ्यासक्रम देणाऱ्या सार्वजनिक महाविद्यालयात) नेमका हाच प्रयोग केला. काही विद्यार्थ्यांना आलेल्या अर्थसाहाय्याच्या पत्रात कर्जाच्या रकान्यात शून्य होते, काहींच्या पत्रात एक ठरावीक रक्कम छापलेली होती. कर्ज मिळण्याची पात्रता मात्र दोन्ही गटांची सारखीच होती. ज्यांच्या पत्रात रक्कम होती त्यांच्यातील अधिक जणांनी कर्ज घेतले, इथपर्यंत धागाकर्त्यांचे म्हणणे खरे ठरते. पण त्या छापील आकड्यामुळे ज्यांनी कर्ज घेतले, त्यांनी त्या वर्षात अधिक श्रेयांक मिळवले आणि त्यांचे गुणही सुधारले. याचा अर्थ, ज्यांच्यासमोर शून्य होते त्यांच्यातील काहींनी आपल्या हिताचे असलेले कर्ज केवळ कागदाच्या मांडणीमुळे नाकारले.

कोरा रकाना हाही एक कौल असतो. ज्या घरात यापूर्वी कोणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नाही, तेथील मुलगा त्या रकान्यात शक्य तितका लहान आकडा लिहील. मग उरलेला खर्च भागवण्यासाठी तो संध्याकाळची नोकरी धरील, विषय कमी घेईल, पुस्तकांवाचून भागवील आणि कदाचित दुसऱ्या वर्षी शिक्षणच सोडील. अमेरिकेतील आकडेवारीत एक गोष्ट सातत्याने दिसते : कर्ज थकण्याचे प्रमाण मोठ्या कर्जांपेक्षा लहान कर्जांमध्ये अधिक असते, कारण लहान कर्ज हे बहुधा शिक्षण अर्धवट सुटल्याचे चिन्ह असते. ऋण काढून सण करणे आणि ऋण काढून पदवी पूर्ण करणे यांना एकाच मापाने मोजू नये. खरा धोका पदवी हाती न येण्यात आहे.

निशिगंध

वरील दोन्ही प्रतिसादांत विद्यार्थी एकटाच टेबलाशी बसलेला दिसतो. कित्येक ठिकाणी आई किंवा वडील सहकर्जदार असतात, जामीन राहतात, घर तारण ठेवले जाते. अठरा वर्षांच्या मुलीला कर्ज घ्यायचे नसले तरी ‘तू फक्त शीक, बाकीचे आम्ही पाहू’ या वाक्यापुढे तिचे काही चालत नाही, आणि तिला घ्यायचे असले तरी घरातील धाकट्या भावंडाच्या शिक्षणाचा विचार आड येतो. पुढे हप्ता थकला तर तो घरातल्या नात्यांमध्ये थकतो, हे कोणत्याही तक्त्यात दिसत नाही.

आणि कर्जाची भीती केवळ अज्ञानातून येते, असे वाटसरू यांनी सुचवले आहे, तेही मला पटत नाही. एरिका फील्ड यांनी न्यूयॉर्क विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयातील एका प्रयोगाचा अभ्यास केला. तेथे विद्यार्थ्यांना आर्थिक मूल्य सारखेच असलेल्या दोन योजना चिठ्ठ्या टाकून दिल्या होत्या. एका योजनेत आधी कर्ज मिळे आणि लोकहिताच्या क्षेत्रात वकिली केल्यास संस्था ते फेडी. दुसऱ्या योजनेत आधी शुल्कमाफी मिळे आणि तसे काम न केल्यास तिचे कर्जात रूपांतर होई. पैशांचा हिशेब दोन्हीकडे सारखाच. तरीही शुल्कमाफी मिळालेल्या गटातून लोकहिताच्या कामाकडे जाणाऱ्यांचे प्रमाण लक्षणीयरीत्या अधिक होते. ही सर्व मंडळी कायदा शिकणारी, करार वाचता येणारी होती. तेव्हा अंगावर कर्ज असल्याची नुसती जाणीवसुद्धा माणसाची वाट बदलते, आणि कर्ज घ्यावे की नाही हे ठरवताना तिला वजन देणे मला तर शहाणपणाचे वाटते.

गणकयंत्र

धागाकर्त्यांच्या हप्त्याचा अंदाज आणि आधीची बेरीज दाखवण्याच्या सूचनांविषयी थोडक्यात. एकूण देणे आणि अंदाजे हप्ता कळवणारी पत्रे पाठवण्याचा प्रयोग मिसूरी विद्यापीठात झाला आहे. पत्रे मिळाल्यावर विद्यार्थी अर्थसाहाय्य कार्यालयाकडे चौकशीसाठी अधिक प्रमाणात गेले, पण कर्ज घेण्याच्या एकूण प्रमाणात फारसा फरक पडला नाही. माहिती द्यावीच, तिच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये.

दूरदेशी

मला वाटते आपण चुकीच्या टोकाकडून सुरुवात केली आहे. सतरा-अठराव्या वर्षी कोणालाही दहा वर्षांनंतरचा पगार सांगता येत नाही. मग निर्णय अचूक व्हावा म्हणून त्या मुलावर किती भार टाकायचा? परतफेडीचे नियम असे असावेत की निर्णय चुकला तरी आयुष्य अडकून पडू नये. ऑस्ट्रेलियाने १९८९ साली अशी व्यवस्था सुरू केली : शुल्क नंतर भरायचे, तेही उत्पन्न ठरावीक मर्यादेपलीकडे गेले तरच, आणि वसुली करखात्यामार्फत. नोकरी नसेल तर हप्ताही नाही. अशा व्यवस्थेत ‘कर्ज घेऊ की नको’ या प्रश्नातील दहशत पुष्कळ कमी होते.

अभ्यासिका

दूरदेशी यांच्या व्यवस्थेबद्दल मला आदर आहे, परंतु तीही निर्णयाच्या भारातून विद्यार्थ्याला मोकळे करत नाही. ऑस्ट्रेलियातील ते कर्ज फक्त महागाईशी जोडलेले होते. २०२३ साली महागाई वाढली तेव्हा शिल्लक देणे एकदम ७.१ टक्क्यांनी वाढले, आणि लोकांच्या नाराजीनंतर सरकारला ती वाढ मागे जाऊन कमी करावी लागली. इंग्लंडमध्येही उत्पन्नानुसार परतफेड आहे. तेथे २०१२ नंतर शिकायला लागलेल्यांचे उरलेले कर्ज ३० वर्षांनी माफ होत असे, तर २०२३ पासून प्रवेश घेणाऱ्यांसाठी ती मुदत ४० वर्षे झाली. अठराव्या वर्षी केलेली सही साठीच्या उंबरठ्यापर्यंत सोबत येणार असेल, तर ती करताना काय लिहिले आहे हे विद्यार्थ्याला दिसलेच पाहिजे, या आग्रहावर मी ठाम आहे.

वाटसरू यांनी दिलेला प्रयोग महत्त्वाचा आहे. मात्र तेथील विद्यार्थ्यांना हप्ता दाखवला गेला नव्हता; शून्य किंवा छापील रक्कम, एवढाच फरक होता. माझ्या प्रस्तावात रकान्याच्या शेजारी दोन आकडे असतील : वर्ष पूर्ण करण्यासाठी लागणारा एकूण खर्च, आणि त्यातून शिष्यवृत्ती व घरची मदत वजा जाता उरणारी तूट. घाबरून कमी लिहिणाऱ्यालाही तूट किती राहते ते तेथेच दिसेल.

वाटसरू

तूट दाखवणार असाल तर आपल्यातील अंतर बरेच कमी होते, कारण मग ती तूट हाच छापील आकडा ठरतो आणि बहुतेक जण तोच उतरवून काढतील. माझा आक्षेप आता एवढाच उरतो की ही तूट कोण काढणार. संस्थेने काढली तर राहण्या-जेवण्याचा खर्च कमी धरून आपले शुल्क परवडण्याजोगे दाखवण्याचा मोह तिला होईल. कर्ज देणाऱ्याने काढली तर ती फुगवण्यात त्याचा फायदा आहे. मागील वर्षी त्याच अभ्यासक्रमात शिकलेल्या विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष किती खर्च आला आणि त्यांच्यापैकी कितीजणांनी शिक्षण पूर्ण केले, हे दोन आकडे संस्थेने त्या कागदावर छापणे बंधनकारक असेल, तर मी तुमच्या प्रस्तावाला पाठिंबा देईन.

निशिगंध

आणि तो कागद सहकर्जदारालाही वेगळा, त्याला वाचता येईल अशा भाषेत मिळावा. माझ्या पाहण्यातील एका वडिलांना आपण जामीन आहोत म्हणजे नेमके काय, हे पहिला हप्ता थकल्यावर आलेल्या पत्रातून कळले.